मूळ प्रत दाखव, मग जेवते

अक्कांच्या फ्रिजमध्ये त्या दिवशी एकूण नऊ वस्तू होत्या: पाण्याच्या चार बाटल्या, दोन अंडी, अर्धं लिंबू, एक गाजर आणि टॉर्चचा एक सेल. गाजर वाकवलं तर मोडत नव्हतं, नुसतं वाकत होतं. लिंबाची कापलेली बाजू पुठ्ठ्यासारखी झाली होती. खाण्याजोग्या वस्तू अगदी सढळ हाताने धरल्या तरी साडेतीनच्या वर जात नव्हत्या.

मोजणारे होते अक्कांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेलेली, निवृत्त झाले तेही निरीक्षक म्हणून. इमारतीत सगळे त्यांना तराजूभाऊ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडे. दुकानात गेले की ते आधी काटा बघत, मग माल, आणि दुकानदाराकडे बघायचं बहुधा राहूनच जाई. निरोप समारंभाला सहकाऱ्यांनी त्यांना घड्याळ न देता पाच किलोचं प्रमाणित वजन दिलं होतं, मखमली पेटीत. बायकोने ते दाराला अडण म्हणून वापरून पाहिलं, त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

तर हे तराजूभाऊ दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर बहिणीच्या फ्रिजचा दिवा बदलायला गेले होते. दिवा बदलल्यावर आतलं दिसलं, आणि दिवा नव्हता तेच बरं होतं असं त्यांना वाटलं.

अक्कांच्या सगळ्या तपासण्या नुकत्याच झाल्या होत्या. रक्त नीट, छातीचा फोटो नीट, पोट नीट. वजन तेवढं एक्केचाळीस किलो आठशे ग्रॅम. डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं होतं की आजार काही नाही, बाई जेवत नाहीत. त्यांना जेवायला लावा. यजमान गेल्यापासून अक्का ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकत आणि त्याला जेवण म्हणत. खाली जेवायला बोलवावं तर मला कुणाकडे जायची सवय नाही म्हणत. तराजूभाऊंच्या बायकोने डबा पाठवून पाहिला. डबा स्वच्छ धुऊन परत येई, आणि आतला ऐवज कुठे जातो ते जिन्याखालच्या मांजरीच्या अंगावर दिसू लागलं होतं.

त्या दिवशी तराजूभाऊंनी धीर केला. वाकलेलं गाजर हातात धरून त्यांनी प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि उतारवयातले स्नायू यांवर जेवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं तेवढं सगळं सांगितलं. अक्कांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "धाकट्या, तू हे सांगणारा कोण? तुझ्याकडे काही कागद आहे?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर तो टोमणा ठरला असता. अक्कांचा तो व्यवसाय होता. विद्यापीठाच्या पडताळणी विभागात त्या आयुष्यभर लोकांच्या पदव्या खऱ्या की खोट्या ते बघत आल्या होत्या. खोटा शिक्का त्यांना पाकीट फोडायच्या आधी कळतो, असं खात्यात बोललं जाई. कुणाच्या लग्नाचं जमत आलं की नातेवाईक मुलाची पदवी आधी अक्कांकडे धाडत. दोन लग्नं त्यांनी अशी मोडली होती, आणि दोन्ही मुली आजही त्यांना भेटायला येतात.

"कागद आणला तर जेवशील?" तराजूभाऊंनी विचारलं.

"खरा आण. मूळ प्रत दाखव, मग जेवते. झेरॉक्स चालणार नाही."

तराजूभाऊ जिना उतरले तेच विद्यार्थी होऊन.

पहिला कागद फार लवकर आला. मोबाइलवर जाहिरात होती: समग्र आहार मार्गदर्शक व्हा, सहा सोप्या धड्यांत. तराजूभाऊंनी रविवारी सकाळच्या चहानंतर सुरुवात केली आणि दुपारच्या जेवणाला बसले तेव्हा ते 'मास्टर' झालेले होते. बायकोने कशाचे म्हणून विचारलं. प्रमाणपत्रावर सोनेरी किनार होती, मध्ये पृथ्वीचा गोल, गोलाभोवती पानांच्या फांद्या, आणि गोलावरून एक माणूस धावत होता. तो कुठे चालला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरच्या निवृत्त कॅशियरने फ्रेम करून घ्या, पण काच चकाकणारी नको, असा सल्ला दिला. समोरच्या काकूंनी कच्च्या लसणाबद्दल आपलं मत सांगितलं. मत मोठं होतं, आणि ते सांगताना त्या फार जवळ उभ्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले की राहत्या घरात व्यवसाय करायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि पाटी वहीच्या पानापेक्षा मोठी नको. तराजूभाऊ म्हणाले, पाटी लावणारच नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग न लावण्याचं लेखी द्या. त्यांनी दिलं.

अक्कांनी प्रमाणपत्र खिडकीशी नेलं. भिंग काढलं. पृथ्वीच्या गोलावरून भिंग फिरवून झाल्यावर विचारलं की या संस्थेला मान्यता कुणाची. तराजूभाऊंनी खाली बारीक अक्षरात छापलेली जागतिक परिषद दाखवली. परिषदेला कुणाची, असं विचारल्यावर तराजूभाऊंनी कागद उलटून पाहिला, कारण जगाच्या वर कोण असतं हे धड्यांमध्ये नव्हतं.

अक्कांनी संस्थेला फोन लावला. एका बाईने उचलला. मग परिषदेला लावला. त्याच बाईने उचलला, फक्त आवाज जरा जाड केला होता. अक्का तिच्याशी फार गोड बोलल्या, चौकशी केली, घसा जपा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"धाकट्या, सोन्यासारख्या माणसाला कुणी असं फसवावं याचं मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून त्यांनी ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल थांबलं. तेवढा एक उपयोग त्या शिक्षणाचा झाला हे तराजूभाऊंनाही मान्य करावं लागलं.

दुसरी संस्था अक्कांनीच पडताळून दिली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, तिला चार मजले होते, खिडकी क्रमांक तीन होती आणि त्या खिडकीत एक कारकून होता. खोट्या संस्थेत प्रवेश एका बोटाने मिळाला होता. खऱ्या संस्थेत कारकुनाने आधी पदवी मागितली, मग शाळा सोडल्याचा दाखला, मग दाखल्यातला माणूस तुम्हीच याचा पुरावा. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं होतं. कारकुनाने तो वाचून त्यांच्याकडे वर पाहिलं, त्यात तराजूभाऊंना थोडी शंका दिसली. पण अक्का घरी खूश झाल्या. इतका त्रास देतात म्हणजे संस्था खरी आहे, त्या म्हणाल्या.

वर्गात सगळी मुलं विशी-बाविशीची. पहिल्या दिवशी तराजूभाऊ आत शिरले तेव्हा अख्खा वर्ग उठून उभा राहिला, आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर अख्खा वर्ग हिरमुसून खाली बसला. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी पहिला तास फक्त एकाच गोष्टीवर घेतला: हे प्रमाणपत्र मिळाल्यावर तुम्ही काय करू शकत नाही. रोग ओळखायचा नाही. औषध बंद करायला सांगायचं नाही. बरं करतो हा शब्द उच्चारायचा नाही. आहार बघायचा, झोप बघायची, माणसाचा दिवस कसा जातो ते विचारायचं, आणि आपल्या पलीकडचं दिसलं तर डॉक्टरकडे पाठवायचं. मुलांची तोंडं उतरली. तराजूभाऊंना मात्र फार बरं वाटलं. प्रत्येक चांगल्या काट्यावर कमाल क्षमता लिहिलेली असते. जो काटा वाटेल तेवढं तोलतो म्हणतो, तो जप्त करायचा असतो.

खरी अडचण प्रात्यक्षिकाची होती. स्वयंपाक करून दाखवायचा होता, आणि एक अशील, म्हणजे सल्ला घ्यायला येणारा माणूस, पूर्ण सत्रभर सांभाळायचा होता. अशील नातेवाईक असता कामा नये, हा नियम मॅडमनी तीनदा सांगितला.

स्वयंपाकाचं आधी सांगतो. तराजूभाऊंनी घरच्या मिक्सरमध्ये बीट घातलं, पाणी मोजून घातलं, वेळ मोजून लावली. झाकण लावण्याचं कृतीत लिहिलेलं नव्हतं. बायकोने गुलाबी भिंतीकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "अहो, तुम्ही खुशाल शिका," ती म्हणाली, "पण माझ्या ओट्यावर नको."

इमारतीत रिकामं पडलेलं स्वयंपाकघर एकच होतं. तिसऱ्या मजल्यावर.

अक्कांनी त्यांना ओटा दिला, पण बजावलं की मी तुझी रुग्ण नाही. कागद आल्याशिवाय तुझा एक शब्दही पाळणार नाही. तराजूभाऊ म्हणाले, नकोच पाळूस. पण पुस्तकात होतं की प्रत्येक पदार्थाला चवीचे गुण त्रयस्थाकडून घ्यावेत. गुण देशील का?

गुण देणं ही पडताळणीच. अक्का चष्मा लावून बसल्या. तराजूभाऊंनी मसुरीचं सूप पुढे ठेवलं. अक्कांनी एक चमचा घेतला आणि साडेतीन म्हणाल्या. दहापैकी.

इथे तराजूभाऊंमधला निरीक्षक दुखावला. वरच्या थरातला एक चमचा म्हणजे नमुना नव्हे, त्यांनी सांगितलं. मीठ तळाशी असतं, तेल वर असतं. पोत्याच्या तोंडावरचं धान्य बघून पोतं पास करणाऱ्याला खात्यात काय म्हणत ते मी तुझ्यासमोर बोलू शकत नाही. नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यायला हवा.

अक्कांना हे तत्त्व म्हणून पटलं. कागदही त्या नुसत्या वरच्या ओळीवरून कधी पास करत नसत. त्यांनी वरून घेतलं, मधून घेतलं, तळातून घेतलं, आणि वाटी संपल्यावर गुण सुधारून चार केले.

मग हे रोजचं झालं. संध्याकाळी तराजूभाऊ पिशवी घेऊन वर जात. भोपळा, कोबी, अंडी, दही, मोड आलेली कडधान्यं. ते शिजवत तोवर अक्का त्यांचं पुस्तक उघडून प्रश्न विचारत, कारण तोंडी परीक्षेचा सराव हवा होता. मग दोघं टेबलाशी बसत, ते आता डुगडुगत नव्हतं, आणि पूर्ण नमुना तपासला जाई. त्यांनाही खावं लागे, कारण अक्का म्हणत, तूही घे, एकट्या परीक्षकाचे गुण ग्राह्य नसतात. साडेचार. चार. एकदा पावणेसहा, त्या दिवशी तराजूभाऊ जिन्यात गुणगुणत उतरले. दुसऱ्या दिवशी अडीच. "हे कोबीचं तू काय केलंस?" अक्कांनी विचारलं. "मी काय केलं याला?" तराजूभाऊ म्हणाले. कोबीची बाजू घेऊन त्या ओट्यापाशी गेल्या आणि असा चिरायचा असतो म्हणून दाखवलं. पुढे पुढे त्या चिरून ठेवू लागल्या. तराजूभाऊंना हा सरळसरळ अपमान वाटे. आपली प्रगती काही होत नाही, ही खंत घेऊन ते रोज पोटभर जेवून खाली येत, आणि बायको म्हणे की उपाशी माणसाचा चेहरा काही असा नसतो.

अशील म्हणून मिळाला खालच्या दुकानातला शिंपी. मोठा गोड माणूस. पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागायची, डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटलं होतं. तराजूभाऊंनी गॅलरीत दोन खुर्च्या टाकून सल्लाखोली केली. शिंप्याला पाच किलोचं वजन ठेवून खरा केलेल्या काट्यावर उभं केलं आणि आहार लिहून दिला: सकाळी दोनशे ग्रॅम हे, दुपारी दीडशे ग्रॅम ते, रात्री अमुक भाज्यांची एवढी वाटी. इतका नेटका कागद शिंप्याने आयुष्यात पाहिला नव्हता. तो डोक्याला लावून घेऊन गेला.

इमारतीने शिंप्याला वाटून घेतलं. काकूंनी लसूण दिला. कॅशियरने कोमट पाणी सांगितलं. सेक्रेटरींनी जिन्यावरून दोनदा चढउतार करायची परवानगी दिली, तीही तोंडी. शिंपी सगळ्यांचं करायचा, आणि तराजूभाऊंनी विचारलं की म्हणायचा, साहेब, तुमचा कागद एक दिवस चुकवला नाही. मध्यंतरी पुन्हा वजन घ्यावं असं मॅडमनी सुचवलं होतं, पण शिंप्याकडे कपड्यांची गर्दी होती, आणि तो म्हणाला, साहेब, पँट एकदम सैल आहे, तुम्ही बघताच ना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शिंपी पुन्हा काट्यावर चढला. शिंप्याचं वजन तीन किलो शंभर ग्रॅमने वाढलं होतं.

तराजूभाऊंनी पाच किलोचं वजन ठेवून काटा पुन्हा पाहिला. काटा खरा होता. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि एकेक ओळ विचारली. सकाळचं घेता? घेतो. दुपारचं? घेतो. मोजून? अगदी मोजून. "औषध म्हणून घेतो मी ते," शिंपी प्रामाणिकपणे म्हणाला. "पोटभर जेवण झालं की लगेच वरून."

"आणि पँट? ती सैल कशी?"

"ती घट्ट व्हायला लागली की मी उसवून सोडतो की. माझंच काम आहे ते."

तराजूभाऊंनी गॅलरीचा कठडा धरला. शिंप्याने त्यांना पाणी आणून दिलं.

परीक्षेला ते स्वतःचा काटा आणि मखमली पेटी घेऊन गेले. आशा अजून होती. प्रकरण फसलं तरी ते नीट मांडलं आणि मापन बिनचूक केलं तर पास होता येतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मापनात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

हॉलमध्ये संस्थेचा काटा ठेवला होता आणि उमेदवारांची रांग लागली होती. प्रत्येकाने एका स्वयंसेवकाचं वजन घ्यायचं, उंची घ्यायची, चार प्रश्न विचारायचे. तराजूभाऊंचा नंबर आला. स्वयंसेवक पाऊल उचलणार एवढ्यात त्यांनी त्याला हाताने थांबवलं, पेटी उघडली आणि पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं. काट्याने चार किलो सहाशे दाखवलं.

यापुढे जे झालं ते तराजूभाऊंनी केलं असं म्हणणं बरोबर नाही. ते त्यांच्या हातांनी केलं. हातांनी खिशातून जो कागद मिळाला तो काढला, त्याच्या मागे 'वापरास मनाई' लिहिलं, खाली सही केली, सुतळीने तो काट्याला बांधला आणि दोन गाठी मारल्या. मग तोंड म्हणालं, या काट्यावर आत्तापर्यंत झालेली सगळी मापनं रद्द.

ज्या मुलांची परीक्षा होऊन गेली होती ती दारातून परत आत आली. बाहेरून आलेले परीक्षक उठले आणि त्यांनी विचारलं, आपण कोण?

"निरीक्षक," तराजूभाऊ म्हणाले.

परीक्षकांनी चटकन अदबीने हात जोडले, आणि घोटाळा खरा तिथे झाला. निरीक्षकांना खुर्ची आली, पाणी आलं. खिडकी क्रमांक तीनमधला कारकून धावत आला आणि त्याने हे तर आमचे विद्यार्थी म्हणून ओळखलं. मग खुर्ची गेली. हॉल तिकीट मागितलं. ते काट्याला बांधलेलं होतं, दोन गाठी मारून.

काटा बदलला गेला, सगळ्यांची मापनं नव्याने झाली. तराजूभाऊंची झाली नाहीत. अधिकार नसताना अधिकाऱ्याचं काम केल्याबद्दल प्रात्यक्षिक रद्द. निकालाच्या कागदावर नापास, पुन्हा पुढच्या सत्रात. मॅडम त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आल्या. काका, काटा तुम्ही बरोबर पकडलात, त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, मग त्या गंभीर झाल्या. शिंप्याचं प्रकरण त्यांनी वाचलं होतं. "कागदावर ग्रॅम आहेत, वेळ आहे, सगळं आहे. हे कशाच्या ऐवजी खायचं, ते कुठे आहे? आणि दुकानात बसून एकदा त्यांच्याबरोबर जेवला असतात तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

तराजूभाऊंनी मान डोलावली. त्यांना शिंप्याचं तेवढं वाईट वाटत नव्हतं. शिंपी पुढच्या सत्रातही पोटासकट असणारच होता. त्यांना फ्रिज दिसत होता. चार बाटल्या, दोन अंडी, अर्धं लिंबू. मूळ प्रत दाखव, मग जेवते. आता पुन्हा एक सत्र, आणि अक्का शब्दाच्या पक्क्या.

ते दुसऱ्या मजल्यावर न थांबता सरळ वर गेले. काटा एका हातात, पेटी दुसऱ्या. अक्कांनी दार उघडलं, चेहरा पाहिला आणि हात पुढे केला. तराजूभाऊंनी निकालाचा कागद दिला. अक्कांनी तो खिडकीशी नेला, भिंग लावलं, शिक्क्यावरून फिरवलं, सहीवरून फिरवलं.

"कागद खरा आहे," त्या म्हणाल्या. "नापास झालायस."

"हो."

"आमच्या विभागात मी इतके पास बघितले, पण इतका खरा नापास आजवर पाहिला नाही." त्यांनी कागदाची घडी घातली, पण ती टेबलाच्या पायाखाली नेली नाही, कपाटात स्वतःच्या कागदांवर ठेवली. "हात धू. आज मी केलंय, गुण तू द्यायचेस. पुढच्या परीक्षेपर्यंत सराव मोडायचा नाही."

टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. तराजूभाऊ पाण्याची बाटली काढायला फ्रिजशी गेले. बाटली मागे होती; तिच्यापुढे कोबी होता, झाकलेली दोन पातेली होती, दह्याचं भांडं होतं, अंड्यांची एक ओळ होती, आणि दार लावायला त्यांना भोपळ्याची फोड आत ढकलावी लागली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. मग मधेच सोडून दिली, कारण अक्का हाक मारत होत्या.

जेवण वरून, मधून आणि तळातून झालं. तराजूभाऊंनी साडेनऊ दिले. अक्कांनी अर्धा कुठे गेला ते विचारलं. मीठ, ते म्हणाले. अक्कांनी बोट चाटून पाहिलं आणि मान्य केलं.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहिलं. डॉक्टरांकडे एक्केचाळीस किलो आठशे भरल्यापासून त्या कुठल्याही काट्यावर चढल्या नव्हत्या. कागद नसलेल्या माणसापुढे उभं राहायचं नाही म्हणत.

"तू अजून अधिकृत नाहीस," अक्का म्हणाल्या आणि चपला काढल्या. "त्यामुळे हे कुठे लिहायचं नाही. काटा खरा आहे ना?"

तराजूभाऊंनी काटा सपाट फरशीवर ठेवला आणि पाच किलोचं वजन त्यावर ठेवलं. काट्याने पाच किलो दाखवलं. त्यांनी वजन उचललं, आकडा शून्यावर येऊ दिला आणि बाजूला झाले. अक्का भिंतीचा आधार न घेता चढल्या आणि समोर बघत सरळ उभ्या राहिल्या.

सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम.